नुसती वाचत बसलीये!

“ताई, मी गणितं सोडवत असले ना, की घरात कोणी हाक मारत नाही. वही-पेन दिसतं. पण उतारा वाचायला घेतला, की पाच मिनिटांत आई म्हणते, ‘नुसती वाचत बसलीयेस, ऊठ, कुकर लाव.’”

आमच्या रविवारच्या वर्गात एका मुलीने हे हसत हसत सांगितलं आणि बाकीच्याही हसल्या. हसल्या, कारण प्रत्येकीच्या घरात हे वाक्य थोड्याफार फरकाने रोज बोललं जातं. मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. एकोणतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. ‘वाचन वाढवा’ असं किती मुलींना सांगितलं असेल, त्याची गणती नाही. वाचायला कुठे बसतेस, केव्हा बसतेस, हे मात्र त्यातल्या एकीलाही मी कधी विचारलं नव्हतं.

मैत्रिणींनो, हा लेख प्रवेश परीक्षेतल्या एका भागाच्या अभ्यासाबद्दल आहे. आपल्या अंकात असा विषय कशाला, असं काहीजणींना वाटेल. आमच्या गटातही तसं वाटलं होतं. त्या वादाबद्दल पुढे लिहितेच.

पनवेलला आमचं सल्ला केंद्र एका जुन्या वाड्याच्या माडीवर आहे. २०२४ च्या पावसाळ्यात आम्ही तिथे दर रविवारी दुपारी तीन ते पाच असा अभ्यासवर्ग सुरू केला. वेळ मुलींनीच ठरवली. दुपारची भांडी घासून झालेली असतात आणि संध्याकाळचा चहा अजून व्हायचा असतो. आठवड्यातली एवढीच दोन तासांची फट त्यांना सापडली. येणाऱ्यांत पनवेल गावातल्या आहेत, नवीन पनवेलच्या आहेत, कळंबोली-कामोठ्याच्या आहेत. दोघी विमानतळासाठी उठलेल्या गावांमधल्या आहेत. बहुतेकींचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. कोणाला एमबीएची सीईटी द्यायची आहे, दोघींना कॅट, एकीला परदेशी शिकायला जायचं म्हणून जीआरई. परीक्षा वेगळ्या, पण प्रत्येकीत ‘व्हर्बल’ नावाचा भाग आहेच. इंग्रजी उतारे वाचून प्रश्न सोडवा, रिकाम्या जागा भरा, वाक्यांचा क्रम लावा, असं त्याचं स्वरूप. आणि आमच्या जवळजवळ सगळ्याजणी अडकतात त्या इथेच.

हा भाग किती मोठा आहे, तेही सांगते. २०२५ च्या आपल्या राज्याच्या एमबीए सीईटीत अडीच तासांत दोनशे प्रश्न होते, त्यातले पन्नास व्हर्बलचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कॅटमध्ये हा भाग सगळ्यात आधी येतो: चाळीस मिनिटं, चोवीस प्रश्न, त्यातले बहुतेक उताऱ्यांवरचे. पर्यायांच्या प्रश्नात बरोबर उत्तराला तीन गुण आणि चुकीला वजा एक. जीआरई सप्टेंबर २०२३ पासून आखूड झाली. तिच्यात व्हर्बलचे सत्तावीस प्रश्न एक्केचाळीस मिनिटांत सोडवायचे असतात. पहिला टप्पा कसा गेला त्यावर दुसऱ्या टप्प्याची काठिण्यपातळी ठरते. तिची फी आपल्याकडे वीस हजार रुपयांच्या वर आहे, म्हणजे ‘बघू, पुन्हा देऊ’ असं सहज म्हणता येत नाही.

सीईटीचं महत्त्व आपल्या दृष्टीने आणखी एका कारणाने वाढलं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पूर्वी निम्मंच माफ होतं. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून मिळायला हवा, व्यवस्थापनाच्या कोट्यातून नाही. म्हणजे सीईटीत गुण हवेत. फी नाही म्हणून अडलेल्या मुलीचं दार शासनाने उघडलं, हे चांगलंच झालं. दारापर्यंत पोचायच्या वाटेवर ते पन्नास प्रश्न उभे आहेत.

आता अभ्यासाबद्दल. मुली आल्या तेव्हा प्रत्येकीकडे शब्दांची यादी होती. कोणाकडे क्लासने दिलेली, कोणाकडे मोबाइलवर आलेली. जीआरईवालीकडे तर बॅरनच्या पुस्तकातली साडेतीन हजार शब्दांची. ती रोज पन्नास शब्द पाठ करायची आणि तिसऱ्या दिवशी पहिले पन्नास विसरायची. मला तिची दयाही आली आणि रागही आला. राग तिचा नाही, तिला हे सांगणाऱ्यांचा. पूर्वी त्या परीक्षेत नुसता शब्द देऊन विरुद्धार्थी शब्द विचारत, शब्दांच्या जोड्या लावायला सांगत. तेव्हा पाठांतराचा थोडा तरी उपयोग होता. ऑगस्ट २०११ मध्ये ते दोन्ही प्रकार बंद झाले. आता शब्द येतो तो वाक्यात येतो आणि त्या वाक्यात तो काय करतोय, हे विचारतात. प्रकार जाऊन इतकी वर्षं झाली, याद्या मात्र विकल्या जातच आहेत.

एक उदाहरण देते. ‘क्वालिफाइड’ या शब्दाचा अर्थ सगळ्यांना पाठ: पात्र, लायक. मग उताऱ्यात आलं की अमुक संशोधकाने तमुक सिद्धान्ताला ‘क्वालिफाइड सपोर्ट’ दिला. अकराजणींपैकी नऊजणींनी अर्थ लावला, ‘लायक माणसाने दिलेला पाठिंबा’. मी म्हटलं, “अगं, हातचं राखून दिलेला पाठिंबा.” दारूबंदीच्या मोर्चाला नगरसेवक येतात, फोटो काढतात, ‘तुमच्या भावना योग्यच आहेत, परंतु’ म्हणतात, तो हा पाठिंबा. त्यानंतर तो शब्द कोणी विसरलं नाही. मोर्चाला गेलेली मुलगी ‘हातचं राखून’ म्हणजे काय हे चांगलं जाणते. तिला फक्त माहीत नव्हतं की आपल्याला माहीत असलेली गोष्टच तिथे इंग्रजीत लिहिली आहे.

इथून मला आमची पद्धत सापडत गेली. रिकामी जागा आली की पर्याय हाताने झाकायचे. वाक्य वाचायचं आणि त्या जागी आधी आपला शब्द घालायचा, मराठीत घातला तरी चालेल. वाक्याचा आशय असा होता: समितीने अहवालाचं जाहीर कौतुक केलं, त्यातल्या शिफारशी मात्र अमुक केल्या. एकजण पटकन म्हणाली, “बासनात गुंडाळल्या!” मग पर्याय उघडले. त्यात ‘एंडॉर्स्ड’ होता, ‘इम्प्लिमेंटेड’ होता आणि ‘शेल्व्ह्ड’ होता. शेल्फ म्हणजे फडताळ हे तिला येत होतं. बासन फडताळातच तर ठेवतात! पर्याय आधी वाचले असते तर ‘कौतुक’ शब्दाला भुलून ती ‘एंडॉर्स्ड’कडे गेली असती. पर्याय बनवणाऱ्याने तो त्याचसाठी ठेवलेला असतो. पर्याय म्हणजे मदत नव्हे, ते दुसऱ्याच्या तोंडचे शब्द आहेत; आपलं म्हणणं ठरवण्याआधी ते ऐकायचे नाहीत. सल्ला केंद्रात आलेल्या बाईला आपण हेच सांगतो ना, की आधी तुला काय हवंय ते तू बोल, मग घरच्यांचं ऐकू!

उताऱ्यांचं तसंच. मुलींना वाटायचं की एक शब्द जरी अडला तरी उतारा गेला. म्हणून प्रत्येक शब्दाखाली रेघ, वर मराठी अर्थ, आणि सगळं झाल्यावर उतारा कशाबद्दल होता हे विचारलं तर गप्प. मग मी दोन रविवार इंग्रजी बंदच ठेवलं. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ काढलं. १८८२ साली बुलढाण्याच्या या बाईने ते लिहिलं. सुरतेच्या एका विधवेवरच्या खटल्याच्या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीला झोडपणं चाललं होतं, त्याला ते उत्तर आहे. मुलींना सांगितलं, यात बाई कोणाशी भांडतेय ते आधी शोधा. तो काय म्हणतोय, त्यातलं ती किती कबूल करते आणि कुठे वळून त्याच्यावरच उलटते, तिथे पेन्सिलीने खूण करा. दीडशे वर्षांपूर्वीची भाषा, कितीतरी शब्द अडले. पण भांडण कुठे अडलं नाही! कोण कोणाला काय म्हणतंय हे सगळ्यांनी बरोबर सांगितलं. तिसऱ्या रविवारी इंग्रजी उतारा दिला आणि तेच प्रश्न विचारले. लेखक कोणाशी भांडतोय? ‘बट’, ‘यट’, ‘हाउएव्हर’ कुठे आहे? त्याच्या पुढचं वाक्य काय आहे? ‘परंतु’च्या आधी बहुतेक वेळा दुसऱ्याचं म्हणणं असतं, खरं बोलणं पुढे असतं, हे आपल्याला सासरच्या बैठकांतून पुरेपूर ठाऊक आहे.

(ज्यांना दोन्ही भाषांत तोच मजकूर हवा असेल त्यांना इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ उपयोगी पडतं. मराठी पुस्तक १९६७ चं, इंग्रजी १९६९ चं आणि दोन्ही बाईंनी स्वतःच लिहिलेली. एक प्रकरण आधी मराठीत वाचावं आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजीत. आमच्या मुलींना त्यातलं गांधारीवरचं प्रकरण फार आवडलं. डोळ्यांवर पट्टी बांधण्यावरून एवढा वाद झाला की त्या दिवशी प्रश्न सोडवायचे राहूनच गेले.)

एका ठिकाणी मात्र आपल्या चळवळीतल्या मुली आणि बाया हटकून चुकतात, आणि ते मला गमतीचं वाटतं. एक उतारा होता घरकामाच्या मोलाबद्दल. खाली प्रश्न, लेखकाच्या म्हणण्यावरून कोणता निष्कर्ष निघतो? एका पर्यायात लिहिलं होतं की स्त्रियांचं घरकाम हे शोषण आहे. आमच्या सगळ्या पोरींनी आणि माझ्याबरोबर शिकवणाऱ्या कार्यकर्तीनेही तोच निवडला. उत्तर चूक. लेखकाने एवढंच म्हटलं होतं की राष्ट्रीय उत्पन्न मोजताना घरकाम धरत नाहीत, त्यामुळे तो आकडा अपुरा राहतो. शोषणाचं नावही नव्हतं. “पण ताई, खरं आहे ना ते?” खरं आहे, शंभर वेळा खरं आहे. पण उताऱ्यात नाही. जगात खरं आणि उताऱ्यात खरं, यातला फरक कळायला आम्हाला महिना लागला. मी त्यांना सल्ला केंद्रातली नोंदवही दाखवली. तिथे बाईचं म्हणणं लिहून घेताना ती जेवढं बोलली तेवढंच आपण लिहितो. ‘नवरा मारतो’ आणि ‘नवऱ्याने दोनदा मारलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि कोर्टात त्याचा फरक पडतो. उताऱ्याचा जबाबही तसाच घ्यायचा. म्हणून ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘सर्वच’ असे शब्द असलेल्या पर्यायाकडे संशयाने बघायचं; लेखक इतका ठाम बोलला होता का, हे उताऱ्यात बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

वाक्यांचा क्रम लावण्याबद्दल फार लिहीत नाही. ‘ती’ म्हटलं तर ती कोण, हे आधीच्या वाक्यात आलेलं असायला हवं, ‘असे’ म्हटलं तर कसे, हे आलेलं असायला हवं. एवढा धागा धरला की अर्धे प्रश्न सुटतात.

मोठा फरक पडला तो चुकांच्या वहीने. बरोबर उत्तर काय होतं हे त्या वहीत लिहायचंच नाही. चुकीचा पर्याय मला का आवडला, ते एका ओळीत आपल्या शब्दांत लिहायचं. ‘घाईत अर्धंच वाचलं.’ ‘ओळखीचा शब्द दिसला.’ ‘मला पटलं म्हणून.’ महिन्याभराने प्रत्येकीला स्वतःची खोड कळते, आणि ती दोन-तीनच असतात. दुसरी सवय, उतारा वाचून झाला की तो मिटून काय वाचलं ते चार वाक्यांत सांगायचं. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली हाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही विद्यार्थ्यांनी मजकूर पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी एकदा वाचून न बघता आठवला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवणारे. आमच्या यादीवालीला मी हे सांगितलं. आता ती रोज उताऱ्यातले आठच शब्द घेते, वाक्यासकट, आणि ते दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने न बघता आठवते. घड्याळ लावायचं ते अगदी शेवटी. उत्तरं बरोबर यायला लागण्याआधी घड्याळ लावलं तर फक्त जलद चुकण्याचा सराव होतो. सरावाला जुने खरे पेपर घ्यावेत. जीआरई घेणारी संस्था दोन पूर्ण सराव परीक्षा फुकट देते. हजारो रुपये भरलेल्या मुलींनाही हे माहीत नसतं.

इतकं सगळं लिहिलं, पण याला लागतो तो रोजचा एक अखंड तास. आणि घोडं पेंड खातं ते तिथेच.

गणिताचा अभ्यास तुकड्यांत होतो. एक गणित सोडवलं, उठून फोडणी टाकली, येऊन दुसरं सोडवलं. पाचशे शब्दांचा अवघड उतारा तसा वाचता येत नाही. धागा तुटला की पहिल्या ओळीपासून सुरुवात. आणि तो वाचताना बाई कशी दिसते? हात रिकामे, पेन नाही, मान खाली. आता तर उतारे मोबाइलवर असतात, म्हणजे ‘मोबाइल घेऊन बसलीये’ हा दुसरा गुन्हा. काम करताना दिसत नाही ती रिकामी, आणि रिकाम्या बाईला काम सांगायचं, हा आपल्या घरांचा नियम. सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं आला, पुरुषांचा ८८. हे बिनमोल घरकामाचे आकडे, सहा वर्षांवरच्या सगळ्यांचे. मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही. ती दोनशे मिनिटांची तफावत प्रवेश परीक्षेच्या गुणपत्रिकेत कुठे दिसत नाही. तिथे लिहिलेलं असतं, व्हर्बल कच्चं.

रमाबाई रानड्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत, शिकतात म्हणून घरातल्या बायकांकडून काय काय ऐकून घ्यावं लागलं ते लिहून ठेवलं आहे. त्यांच्या पाठीशी निदान नवरा होता आणि रात्रीचा वेळ होता.

आम्ही मग घरी जायचं ठरवलं. भांडण मिटवायला जातो तसंच, दोघी-दोघींनी. पहिल्या घरी आई म्हणाली, “आम्ही कुठे अडवतो तिला? शिक म्हणतो.” आम्ही वाद घातला नाही. एका रविवारी घरातलं कोण किती वेळ बसलं आणि त्या वेळात कोणी किती वेळा उठवलं, ते कागदावर लिहा म्हटलं. मुलगी चाळीस मिनिटांत सहा वेळा उठली होती. वडील पेपर घेऊन दोन तास बसले होते आणि त्यांना चहा जागेवर मिळाला होता. ‘नुसते वाचत बसलेत’ असं त्यांना कोणी म्हटलं नाही. कागद बघून वडीलच ओशाळले. त्या घरात आता रात्री साडेनऊ ते साडेदहा तिला हाक मारत नाहीत. वडील पेपरही तेव्हाच वाचतात, म्हणजे दोघं बसलेली असली की कोणी बोलत नाही!

दुसरं घर सुनेचं. ती बेलापूरला नोकरी करते. सासूबाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, “मला सातवीतून काढलं. हिला बसू दे, संध्याकाळचं मी बघते.” आम्हाला आनंद झाला, पण पंधरा दिवसांत लक्षात आलं की सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि ओट्यापाशी त्याच उभ्या आहेत. सुनेचा तास सासूच्या गुडघ्यांतून काढायचा, ही काही आपली रीत नव्हे. मुलाशी बोललो. त्याने अकरा दिवस स्वयंपाक केला, बाराव्या दिवशी ऑफिसमध्ये उशीर झाला, मग होतच गेला. ती आता जाता-येता लोकलच्या लेडीज डब्यात वाचते. पनवेलपासून गाडी सुटते, जागा मिळते. बेलापूरपर्यंत वीसेक मिनिटांत एक उतारा होतो. ती म्हणते, गाडीत मला कोणी काम सांगत नाही. हे ऐकून बरं वाटावं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसऱ्या घरी आम्हाला यश आलं नाही. धाकट्या भावाची बारावी होती. घरात लॅपटॉप एक, खोली एक. “मार्चपर्यंत थांब, मग तुझं बघू.” २०२५ ची एमबीए सीईटी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होती. परीक्षा संगणकावर असते, पडद्यावर वाचायची सवय लागते, आणि तिला पडदा मिळाला तो परीक्षा आठ दिवसांवर असताना. तिने पेपर दिला. निकाल लागल्यावर घरी म्हणाले, हिला इंग्रजी झेपत नाही.

आता आमच्या गटातल्या वादाबद्दल. एका जुन्या मैत्रिणीने बैठकीत स्पष्ट विचारलं, “आपल्याकडे मारहाणीच्या केसेस पडून आहेत, आणि आपण कंपन्यांना मॅनेजर पुरवायला बसलोय का?” तिचा दुसरा मुद्दा जास्त जोरकस होता. राज्याची लॉची सीईटी मराठीतूनही देता येते, एमबीएची मात्र इंग्रजीतूनच. ही चाळणीच अन्यायाची आहे, मग तिच्याविरुद्ध बोलायचं सोडून आपण मुलींना त्या चाळणीतून जायला का शिकवतोय?

चाळणीबद्दल मी तिच्याशी सहमत आहे. मराठीतून व्यवहार करणाऱ्या राज्यात दुकान, कारखाना, सहकारी बँक चालवायचं शिक्षण घेण्याआधी इंग्रजीत परीक्षा का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. निवेदनाचा मसुदा तिनेच लिहावा, सह्या मी गोळा करते. पण परीक्षा बदलेपर्यंत या मुलींचं वय थांबत नाही. तेविसाव्या वर्षी प्रवेश नाही मिळाला, तर चोविसाव्या वर्षी घरात कोणता विषय निघतो, हे मी तिला सांगायला नको. मारहाणीच्या केसेसबद्दल म्हणाल, तर आमच्या केंद्रात येणारी बाई सगळ्यात आधी विचारते, “ताई, कुठे नोकरी मिळेल का?” आणि माझं आणखी एक म्हणणं आहे. अवघड मजकूर शांतपणे वाचून ‘हा नक्की काय म्हणतोय, आणि काय म्हणत नाहीये’ हे ओळखणं फक्त मॅनेजरच्या कामाचं नसतं. विमानतळाच्या भूसंपादनाच्या नोटिसा घरी आल्या तेव्हा त्या वाचून समजावून सांगणारी एक मुलगी घरात असती, तर काय झालं असतं? आमच्या वर्गातल्या त्या दोघींनीच हा प्रश्न विचारला होता, मी नाही.

वाद मिटला नाही. मैत्रीण रविवारी येते, कोपऱ्यात बसून केसचे कागद लावते आणि मधूनच एखाद्या पर्यायावर आमच्याशी भांडते. तिचं उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं.

ती भाऊ बारावीला असलेली मुलगी या वर्षी पुन्हा यायला लागली. या खेपेला तिने घरी काही मागितलंच नाही. आम्हाला म्हणाली, “रविवारचं राहू दे ताई, मला रोज सकाळी सहा ते साडेसात केंद्राची खोली उघडून द्याल का? मी झाडून काढीन.” झाडायचं नाही, एवढ्या अटीवर खोली दिली. केंद्रातला जुना संगणकही तिथेच आहे. आता पहाटे चौघी येतात. किल्ल्या दोनच आहेत. एक माझ्याकडे आणि एक त्या केसचे कागद लावणाऱ्या मैत्रिणीकडे. सोमवार ते बुधवार मी उघडते, गुरुवार ते शनिवार ती. मला गुडघ्यामुळे जिना लवकर चढवत नाही, म्हणून तिसरी किल्ली करायला टाकली आहे. ती कोणाकडे द्यायची ते पुढच्या बैठकीत ठरेल. तुमच्या गावच्या केंद्राची खोली सकाळी बंद असेल आणि तुम्ही असं काही करून पाहिलं असेल, तर पहाटे येणाऱ्या मुलींच्या सोबतीची व्यवस्था तुम्ही कशी लावली, ते मला कळवा. आमच्याकडे अंधारात एक गल्ली लागते आणि तिथला दिवा दोन महिने बंद आहे.